शाळेचा संगणक परत नेला, त्याची हकीकत

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात प्रवास करून आलेल्या माणसाने बैठकीत हकीकत वाचायची असा रिवाज आहे. केदारनाथ झालं, अंदमान झालं, गेल्या महिन्यात व्हिएतनामही झालं. मी गोंदिया म्हटल्यावर चिटणीस म्हणाले, "तिकडे काय आहे पाहण्यासारखं?" पुष्कळ आहे. पण मी काही पाहायला गेलो नव्हतो. एक जुना संगणक टाकायला गेलो होतो. जुनी वस्तू टाकण्यासाठी माणूस पुण्याहून गोंदियाला, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला जातो, हे ऐकून आमच्या मुलाने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला होता.

त्याचंही बरोबर होतं. आमच्याच सोसायटीत जुनी विद्युत उपकरणं गोळा करण्याची मोहीम निघाली होती. कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, आत विषारी धातू असतात, आमच्याकडे द्या, असा फलक लागला होता. माळा आवरताना मुलाला माझी गोधडीत गुंडाळलेली वस्तू सापडली. "बाबा, हे काय?" "शाळेचं जुनं सामान." ती घेऊन मी खाली गेलो, तर टेबल मांडून बसलेल्या मुलीने एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर दोन वाक्यं होती. ही वस्तू माझ्या मालकीची आहे. तिच्यातली खासगी माहिती मी नष्ट केली आहे. खाली सही.

"आजोबा, सगळे न वाचताच सही करतात," ती म्हणाली.

मी जन्मभर मराठी शिकवलं. वाचल्याशिवाय सही करता येत नाही, ही खोड आहे. दोन्ही वाक्यं खोटी होती. मी गोधडी पुन्हा गुंडाळली आणि गोंदियाचं आरक्षण करायला सांगितलं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे अशी थाप मारली. जुन्या खोट्याची विल्हेवाट लावायला निघताना एक नवं तयार झालं.

गाडीत खिडकीशी बसलो. सामानाच्या दोनचाकी ढकलगाडीला दोरीने बांधलेलं बोचकं पायाशी ठेवलं. अकोल्याला जाणारे एक गृहस्थ समोर होते. त्यांनी बोचक्याला बोटाने टोचून पाहिलं. "टीव्ही का, काका?"

"टीव्ही नाही, संगणक आहे," मी जरा ताठ्याने म्हणालो.

"जुन्या टीव्हीसारखाच दिसतो," असं म्हणून ते झोपले. मला झोप नव्हती. म्हणून मागची हकीकत इथेच सांगून टाकतो.

चौदा वर्षांपूर्वी मी गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढच्या एका गावात मुख्याध्यापक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. दोष माझा आहे, गावाचा नाही. शाळा एका संस्थेची. संस्थेच्या अध्यक्षांचं धान सुगीत आमच्या वर्गात ठेवलं जाई आणि आठवीची मुलं व्हरांड्यात बसत. मी रोज अध्यक्षांसमोर हसून बसायचो. पण एकदा मला शौर्य चढलं. तीन संध्याकाळ एका बोटाने बडवून शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने मी संगणकावर पत्र लिहिलं. अध्यक्षांबद्दल जे मनात होतं ते सगळं लिहिलं. चौथ्या दिवशी शौर्य उतरलं. पत्र पाठवलं नाही, पुसून टाकलं.

पुढे गोंदियाला एका प्रशिक्षणात ऐकलं, की संगणकावर पुसलेलं पुसलं जात नाही. आत राहतं. जाणकार माणूस बाहेर काढू शकतो. त्या दिवशी जेवणात बालुशाही होती, तीही मी खाल्ली नाही. आणि थोड्याच दिवसांत शाळेचे आठ जुने संगणक भंगारात काढायचं ठरलं. भंगारवाला सकाळी येणार होता. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या टेबलावरचा संगणक मी टेबलक्लॉथमध्ये बांधला आणि सायकलवरून घरी नेला.

सकाळी मोजदाद झाली, तेव्हा एक कमी भरला. अध्यक्ष म्हणाले, "किल्ली कोणाकडे असते?" किल्ली तुळशीराम मेश्राम या शिपायाकडे असायची. वय तिशीच्या आत, नोकरी तात्पुरती, कायम होण्याची वाट पाहत असलेला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमी सांगा ना." मी हजेरीपट उघडून त्यात पाहत राहिलो. पोलिसात न देण्याचा मोठेपणा अध्यक्षांनी दाखवला. उद्यापासून येऊ नकोस, या कागदावर मी सही केली. मग त्याच वर्षी निवृत्त झालो, मुलाकडे पुण्याला आलो आणि संगणकही ट्रकमधून माझ्याबरोबर आला. चौदा वर्षांचा वनवास त्याने आमच्या माळ्यावर काढला. तुळशीरामने कुठे काढला ते मी विचारलं नाही. आता एका जुन्या विद्यार्थ्याकडून फोनवर एवढंच कळलं होतं, की तो गोंदियात आहे आणि जुनी यंत्रं गोळा करण्याचं केंद्र चालवतो. ते ऐकून मी फोन जवळजवळ खालीच ठेवला होता.

गोंदियाला उतरलो तेव्हा नोव्हेंबरची छान थंडी होती. पूल उतरताना ढकलगाडीचं एक चाक निघालं, ते गडगडत जाऊन एका मालगाडीखाली अदृश्य झालं. पुढे संगणक आणि मी दोघेही लंगडत निघालो. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले, वर चण्याची झणझणीत तर्री (मसालेदार रस्सा). नाकाडोळ्यांतून पाणी आलं. ते तर्रीचं होतं असं त्या वेळी मी स्वतःला सांगितलं.

या शहरात मराठी बोललं तरी उत्तर हिंदीत मिळतं. रिक्षावाल्याने बोचकं उचललं आणि म्हणाला, "टीवी है क्या काका?"

"कंप्यूटर है."

"पुराना? अरे, फोड़ के ताँबा निकाल लेते, बाकी नाले में. इत्ती दूर कायको ढोया?"

मी मेश्रामचं केंद्र विचारल्यावर तो हसला. "मेश्राम भाऊ? वो किसीको कुछ फोड़ने नहीं देता. हमारे मोहल्ले में तार जलाते थे लोग, उनसे भी लड़ के आया."

राइस मिलच्या रस्त्याने गेलो. हवेत उसन्या (उकड्या) तांदळाची वाफ आणि कोंड्याचा वास. एका बंद पडलेल्या मिलच्या शेडमध्ये केंद्र होतं. मी पुष्कळ सरकारी कार्यालयं पाहिली आहेत, इतकं नीटनेटकं एकही नाही. वायरींच्या जुड्या, मोबाइलचे खोके, बॅटऱ्या वाळूच्या डब्यात, ट्यूबलाइट वेगळ्या पिंपात उभ्या. तुळशीराम गळ्यात मास्क, हातात मोजे घालून एका बँकेच्या माणसासमोर ड्रिलने संगणकांतून काढलेल्या चपट्या डब्यांना भोकं पाडत होता. एकेक भोक पडलं की बँकेचा माणूस यादीवर खूण करी. मग त्याला शिक्क्याचा कागद मिळाला आणि तो गेला.

तुळशीरामने मला लगेच ओळखलं. केस पिकले होते, आवाज तोच. "जय भीम, सर. बसा बसा. किती वर्षांनी जी!" त्याने चहा सांगितला. गोधडी सोडताना म्हणाला, "येवढ्या दुरून टीव्ही कायले आनला जी?"

"टीव्ही नाही, तुळशीराम. संगणक. आपल्या शाळेचा. तो हरवलेला आठवा."

त्याचे हात थांबले. चौदा वर्षं मी जे भाषण तयार करत होतो ते चार वाक्यांत संपलं. मी नेला, पत्राच्या भीतीने नेला, तुझ्यावर आलं ते पाहिलं, गप्प बसलो.

त्याने वस्तू फिरवून तिची पाठ पाहिली. पांढऱ्या रंगात आकडा होता. "हा आकडा मीच टाकला होता," तो म्हणाला. मग आकड्यावरून बोट फिरवत, "पत्र ह्याच्यात आहे म्हनता?"

"पुसलं होतं. पण पुसलेलं आत राहतं ना."

"ह्याच्यात काईच राह्यत नाई, सर. हा नुसता पडदा होय. जे राह्यते ते खालच्या डब्यात राह्यते."

"खालचा डबा? तो तर स्टॅबिलायझर..."

घरी आमच्या फ्रिजला आणि टीव्हीला खाली एकेक पत्र्याचा डबा होता. विजेचा दाब सांभाळण्यासाठी. शाळेत संगणक आले तेव्हा त्यांच्याही खाली डबा पाहून मी ते तसंच समजलो. कोणी सांगितलं नाही आणि मुख्याध्यापकाने विचारायचं कसं? पत्र मी पडद्यावर पाहिलं होतं, म्हणून पडदा नेला.

मला वाटलं तुळशीराम हसेल. हसला असता तर बरं झालं असतं.

"तुमचा डबा हितंच आला होता," तो म्हणाला. "ज्या भंगारवाल्यानं शाळेचं सामान उचललं, त्याच्याच गोदामात मले काम भेटलं. तो म्हने, तू कंपूटरचोर ना, मंग तुले त्यातलं समजत असन, तूच खोल. आठही डबे पडून होते. म्या खोलले. गावातल्या पोरांचे मार्क, जातीचे दाखले, सारं त्याच्यात असन, कोनाच्या हाती जायले नको. म्हनून भोकं पाडले. माजे पहिले आठ भोकं आपल्या शाळेचे होय."

मी विचारलं, "वाचलंस का आतलं?"

"कायले वाचू? दुसऱ्याचं होतं."

चहा आला. दोघांच्याही समोर निवत राहिला. तो ड्रिलची वायर गुंडाळत होता, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून गुंडाळायला लागला. "लोकं म्हनले त्याचं काई नाई, सर. माजी माय मरायच्या आदी मले जवळ बसवून म्हने, बापू, आता तरी खरं सांग, घेतला होतास का? म्या नाई म्हनलो. तिनं मान हालवली. पन मानलं नाई तिनं. मले समजलं."

मी माफी मागितली. ती त्याने घेतली नाही, परतही केली नाही. उठून गोधडी पुन्हा पडद्यावर घातली आणि दोरी बांधू लागला.

"काय करतोस?"

"हा म्या घेऊ शकत नाई. हा तुमचा नोहे, शाळेचा होय. वस्तू कोनाची, कोठून आली, कोनं आनली, ह्याचं पत्र लागते. नियम होय. चोरीचा माल आमी घेत नाई, सर."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. भिंतीवर नियमांची पाटी होती, त्यातला चौथा नियम हाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनीकडे जाणारी गाडी धरली. डब्यात एका आजीबाईने पाय लांब करायला जागा नाही म्हणून कुरकुर केली आणि विचारलं, "टीव्ही होय का जी?"

"हो बाई, टीव्हीच."

दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घातलेली धानाची लहान शेतं) कापून झाल्या होत्या. जागोजागी पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंजी) उभे होते. मधेच तलाव चमकून जायचा. इथल्या जुन्या शेतकरी घराण्यांनी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षं पाणी धरून आहेत. मी एक पडदा चौदा वर्षं धरून होतो. अर्जुनीहून बसने केशोरी आणि तिथून शेअर रिक्षाने शाळा. धक्क्यांनी पडद्याची काच फुटेल या भीतीने मी तो पूर्ण वाटभर मांडीवर धरला. काचेत शिसं असतं, फुटू देऊ नका, एवढं तुळशीरामने निघताना बजावलं होतं. बाकी निरोप नाही.

शाळा रंगवली आहे. अध्यक्षांचा फोटो कार्यालयात आहे, हारासकट. ते वारले हे मला ठाऊक नव्हतं. धान ठेवायची ती खोली आता संगणक कक्ष झाली आहे आणि तिला कुलूप आहे. मुख्याध्यापिका नागपूरकडच्या, तरुण, फार सभ्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, जेवू घातलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची भाजी. मग माझ्या वयाकडे पाहून त्यांनी पत्र टंकलं. शाळेचा एक पडदा माजी मुख्याध्यापकांकडे नजरचुकीने राहून गेला होता, तो त्यांनी परत केला असून त्याची विल्हेवाट लावावी.

"नजरचुकीने, असं टाकलंय सर," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच आता कशाला..."

वाक्य शुद्ध होतं. मी पत्राची घडी खिशात घातली. हेही नमूद करतो, की मला फार बरं वाटलं.

रिक्षाची वाट पाहत सुखदेवच्या टपरीवर बसलो. सुखदेव माझा जुना विद्यार्थी. बोचकं बाकावर ठेवलं. बोलता बोलता मी विचारलं, "तुळशीराम मेश्रामची काही खबर?"

"कंपूटरचोर जी? गजब पुढं गेला तो! आपल्या शाळेचा कंपूटर इकला अन् त्याच पैशानं गोंदियाले दुकान टाकलं. मानलं पायजे पोट्ट्याले!"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. चौदा वर्षांत माझ्या गप्प बसण्याला फांद्या फुटून त्याचं दुकान झालं होतं. मी गोधडी सोडली. "सुखदेव, हा तो संगणक. तुळशीरामने नाही, मी नेला होता."

सुखदेवने आधी त्या पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि गहिवरून हात जोडले. "सर, तुमी देवमानूस. त्याचं नाव साफ कराले स्वतावर घेऊन राहिले. अन् त्याच्यासाठी टीव्ही पन इकत आनला!"

बाकावरच्या दोघांनीही माना डोलवल्या. मी शपथ घेतली, तर ते अधिकच भारावले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि लोकांनी माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

मी पडदा तिथेच ठेवून शाळेत परत गेलो. म्हणालो, "बाई, हे पत्र बदलायचं. मी सांगतो, तुम्ही टंका." शाळा सुटत आली होती. शुद्धलेखन घालावं तसं सांगितलं. हा पडदा मी शाळेतून कोणाला न सांगता नेला. त्या वेळी शिपाई तुळशीराम मेश्राम यांच्यावर चोरीचा आळ आला, तो खोटा होता. तो खोटा आहे हे मला माहीत असूनही त्यांना कामावरून काढण्याच्या कागदावर मी सही केली. खाली माझं पूर्ण नाव.

"अहो, पण सर, एवढं..."

"पूर्णविराम द्या बाई."

शिक्का बसला. एक प्रत फलकावर लागली. दुसरी घेऊन मी टपरीवर आलो आणि वर्गात वाचायचो त्या आवाजात वाचली. तोंडी सांगितलेलं कोणी मानलं नव्हतं, शिक्का मात्र सगळ्यांनी मानला. सुखदेवने कागद हातात घेऊन स्वतः वाचला, ओठ हलवत. मग माझा पेला उचलून विसळायला नेला. थोड्या वेळाने विचारलं, "चहाचे दहा रुपये देता का, सर?" मी दिले. हात जोडले नाहीत कोणी.

गोंदियाला पोचेपर्यंत रात्र झाली होती, शेड बंद व्हायची वेळ झाली होती. तुळशीरामने पत्र उजेडाशी नेऊन वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. वहीत रकाने होते. वस्तू, मालक, कोठून आली, आणणाऱ्याचं नाव. त्याने लेखणी माझ्या हातात दिली, "तुमीच लिहा," म्हणाला. मी लिहिलं. मग त्याने पडदा उचलून भिंतीशी ओळीत ठेवला, बाकीच्या पडद्यांसारखं तोंड एका बाजूला करून. मला पावती दिली. मागे न वळता म्हणाला, "एक झेरॉक्स मले पायजे ह्या पत्राची."

"मूळच ठेव."

"मूळ केंद्राच्या फायलीत लागते. मले झेरॉक्सच द्या."

कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रत काढून आणली. ती त्याने चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. त्या दिवशी चहा सांगितला नाही. "गाडीले उशीर होईल, सर," एवढंच म्हणाला.

पुण्याला येऊन महिना झाला. माळा रिकामा आहे. मुलाला खरं सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबा, मॉनिटर?" पावती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, ज्याला पाहायची त्याने यावं. जपून ठेवलेल्या वस्तूंचं मला आता थोडं भय वाटतं. आपण काय सांभाळतोय ते एकदा जाणत्या माणसाला दाखवून घेतलेलं बरं.

परवा सुखदेवचा फोन आला होता. धान विकून झालं, थंडी फार आहे, असं सांगून झाल्यावर तो घुटमळला. "सर, एक सांगू का? राग नका मानू. गावात आता तुमाले कंपूटरचोर म्हनून राहिले."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि तुळशीरामला?"

"त्याले?" सुखदेव म्हणाला. "तो आला होता ना जी इतवारी, शाळेचे नवीन खराब झालेले डबे न्याले. मुख्याध्यापिका बाईनं किल्ली त्याच्याच हातात देली."